हातात उडतो, कॅमेऱ्यावर उडत नाही: एका फ्लॅशचं प्रकरण

कोथरूडमधला एक तरुण फोटोग्राफर. कॅमेरा कॅनन ईओएस २०० डी टू, दोन वर्षं वापरलेला, एकदाही न पडलेला. शनिवारी संध्याकाळी त्याने एक जुना फ्लॅश विकत घेतला, गोडॉक्स टीटी ६००. विकणाऱ्याने समोरच टेस्ट बटण दाबून दाखवलं, लख्ख उजेड पडला, व्यवहार झाला. बुधवारी सकाळी कर्वे रस्त्याजवळच्या एका कार्यालयात चुलतभावाच्या मुलाची मुंज होती आणि फोटो यानेच काढायचे होते. घरी येऊन फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, शटर दाबलं. फोटो अंधारा. पुन्हा दाबलं, पुन्हा अंधारा.

सोमवारी संध्याकाळपर्यंत सेल दोनदा बदलून झाले, शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश जिथे सरकवून बसवतात त्या खाचेवर, खोडरबर फिरवून झालं, कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग रीसेट करून झाल्या. दुरुस्तीच्या एका दुकानात सांगितलं की फ्लॅशचा बोर्ड गेला आहे. दुसऱ्या दुकानात सांगितलं की कॅमेऱ्याचा शू बदलावा लागेल. दोन्ही निदानं चुकीची होती. फ्लॅश धड होता आणि कॅमेराही धड होता.

तक्रार त्याने एका वाक्यात लिहून दिली होती: ‘कधी उडतो, कधी नाही, कॅमेऱ्यावर तर उडतच नाही.’ या वाक्यात खरं तर दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि सगळा घोळ त्या एकत्र धरल्यामुळे झाला. ‘कधी उडतो, कधी नाही’ हे दुखणं सहसा विजेचं असतं. ‘कॅमेऱ्यावर उडतच नाही’ हे हुकमाचं. विजेचं दुखणं आधी दूर केल्याशिवाय हुकमाचं दुखणं दिसत नाही, कारण प्रत्येक अपयशाचं खापर सेलवर फोडता येतं.

फ्लॅशच्या पोटात काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढची तपासणी सोपी जाते. चार पेन्सिल सेलांची जेमतेम पाच-सहा व्होल्टची वीज आतल्या सर्किटमधून साधारण ३०० व्होल्टपर्यंत चढवली जाते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. झेनॉनची नळी या ३०० व्होल्टला आपण होऊन दाद देत नाही. तिला बाहेरून काही हजार व्होल्टचा एक झटका लागतो. तो बसला की आतला वायू वीजवाहक होतो आणि साठवलेली सगळी वीज नळीतून धावते. पूर्ण ताकदीचा झोत म्हणजे सेकंदाचा सुमारे ३००वा भाग. हा झटका कधी द्यायचा ते कॅमेरा ठरवतो, आणि त्यासाठी तो फक्त दोन टोकं एकमेकांना जोडतो: शूच्या मधली पिन आणि शूची धातूची कड. दाराच्या घंटीचं बटण दाबावं तितकंच हे साधं आहे. शूची ही रचना आयएसओ ५१८ या मानकाने ठरलेली आहे, म्हणूनच एकाच पिनेचा फ्लॅश कॅनन, निकॉन, पेंटॅक्स अशा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर चालतो.

म्हणजे तीन प्रश्न. वीज साठते का? हुकूम पोचतो का? कॅमेऱ्याने फ्लॅशला परवानगी दिली आहे का? याच क्रमाने जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सेल

फ्लॅशमध्ये रिचार्ज होणारे निकेलचे चार सेल होते. टेस्ट बटण दाबल्यावर उजेड पडायचा, पण फ्लॅश पुन्हा भरल्याची खूण असलेला लाल दिवा परत लागायला कधी १९-२० सेकंद, तर कधी तो लागायचाच नाही. चांगल्या सेलांवर हा फ्लॅश पूर्ण ताकदीनंतर अडीच-तीन सेकंदांत तयार व्हायला हवा. मल्टिमीटर लावल्यावर तीन सेल १.२९, १.२८ आणि १.३० व्होल्ट दाखवत होते, चौथा १.०३. नीट पाहिलं तर चौथ्याचं आवरणही किंचित फिकट होतं. तो दुसऱ्याच जोडीतला निघाला.

चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक अशक्त असला की बाकी तिघांची वीज त्याच्यातूनच जावी लागते आणि सगळा संच त्याच्या चालीने चालतो. सेल नुसता ठेवून मोजला तर अनेकदा फसवतो, हेही इथेच सांगून टाकू. फ्लॅश भरत असताना काही अँपिअर वीज ओढतो. निवांत असताना १.५ व्होल्ट दाखवणारा स्वस्तातला सेल त्या ओढीखाली एका व्होल्टच्याही खाली बसतो. घड्याळाच्या किंवा रिमोटच्या सेलांवर फ्लॅश चालवण्याचा प्रयत्न करूच नये. अल्कलाइन सेल निभावतात, पण पन्नासेक फोटोंनंतर भरण्याचा वेळ लांबत जातो. लग्नमुंजीच्या कामाला १९००-२००० मिलिअँपिअर-अवरचे, नुसते ठेवल्यावर लवकर न उतरणारे रिचार्जेबल सेल हवेत, आणि संच कायमचा एकत्र ठेवायचा.

तपकीर गल्लीतून आठ नवे सेल आणले. मार्करने चारांवर ‘अ’ आणि चारांवर ‘ब’ लिहिलं, दोन्ही संच चार्ज केले. ‘अ’ संच घातल्यावर लाल दिवा तीन सेकंदांत परत येऊ लागला. सलग दहा वेळा टेस्ट बटण, दहा वेळा उजेड. पहिली तक्रार मिटली.

कॅमेऱ्यावर मात्र फोटो तसाच अंधारा.

पिनेची परीक्षा

टेस्ट बटणाने उजेड पडतो म्हणजे सेल, कपॅसिटर, नळी आणि झटका देणारी कॉइल हे सगळं ठीक आहे. ‘बोर्ड गेला’ हे निदान इथेच बाद व्हायला हवं होतं. तरी एक फट उरते. टेस्ट बटणाचा हुकूम आतल्या आत जातो, फ्लॅशच्या पायाला (शूमध्ये बसणाऱ्या भागाला) असलेल्या पिनेचा बाहेरून येतो. पिनेपासून आत जाणारी वायर तुटली असेल तर बटणावर उडणारा फ्लॅश शूवर मुका राहील.

ही फट बुजवायला आवरण असलेल्या वायरचा एक बोटभर तुकडा पुरतो. दोन्ही टोकं सोलायची. फ्लॅश मॅन्युअल मोडवर, ताकद १/१२८, तोंड भिंतीकडे. लाल दिवा लागला की वायरचं एक टोक पायाच्या मधल्या पिनेवर आणि दुसरं पायाच्या धातूच्या कडेवर टेकवायचं. कॅमेरा जे करतो तेच आपण हाताने करतो. टेकताक्षणी झोत पडला पाहिजे. इथे पडला, पाचही वेळा.

ही परीक्षा आजच्या फ्लॅशवरच करावी. टीटी ६००सारख्या फ्लॅशच्या पिनेवर काही व्होल्टच असतात. पण कपाटात वीस-तीस वर्षं पडून असलेल्या जुन्या फ्लॅशच्या पिनेवर शंभर-दोनशे व्होल्टही निघतात. असा फ्लॅश सापडला तर तो आधी पूर्ण भरू द्यावा, मल्टिमीटर ६०० व्होल्ट डीसीवर ठेवून पिनेवर लाल आणि कडेवर काळी टोच लावून आकडा पाहावा. आकडा तीन अंकी असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्याच्या शूवर एकदाही चढवू नये. कॅमेऱ्यातला नाजूक स्विच पहिल्याच झोतात जाऊ शकतो. आणि कुठलाही फ्लॅश उघडायचा नाही. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ प्राणघातक ठरू शकेल इतकी वीज राहते.

निकॉनवर

आता फ्लॅशला निर्दोष ठरवायला एकच गोष्ट हवी होती, दुसरा कॅमेरा. मित्राची निकॉन डी ५६०० मिळाली. फ्लॅश चढवला, शटर १/१२५, दाबलं. उजेड. दहा फोटो, दहाही उजळ.

“मग माझा कॅमेराच गेला की रे,” असं तो लगेच म्हणाला. दुसऱ्या दुकानाचं म्हणणंही तेच होतं. पण घाई करण्याआधी कॅमेऱ्याची परवानगी तपासायची राहिली होती. २०० डी टूच्या लाल मेनूत फ्लॅश कंट्रोल असं पान आहे, त्यात फ्लॅश फायरिंग चालू की बंद असा पर्याय. तो चालू होता. मोड मॅन्युअल, शटर १/१२५, म्हणजे या कॅमेऱ्याच्या १/२०० या सिंक मर्यादेच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या) आत. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर पाहून फोटो काढण्याची सोय) बंद, कारण काही मॉडेल्समध्ये लाइव्ह व्ह्यूत किंवा सायलेंट शूटिंगमध्ये दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश मुद्दाम रोखलेला असतो. मग बाहेरचा फ्लॅश काढून कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश हाताने वर उचलला आणि फोटो घेतला. तो उडाला.

हा छोटा फ्लॅश उडणं फार मोलाचं आहे. त्यातून कळतं की शटर आणि झोत यांची वेळ जुळवणारी यंत्रणा शाबूत आहे, आणि मेनूतून कुठे बंदी नाही. फ्लॅश हुकूम घ्यायला तयार, कॅमेरा हुकूम द्यायला तयार. मधली वाट तेवढी उरली.

शू, जवळून

टॉर्च तिरका धरून शूच्या तळाकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना धातूच्या कडा, त्यावर फ्लॅश सरकवल्याचे चरे. तळाशी सोनेरी रंगाचे चार लहान ठिपके. आणि या सगळ्यांच्या मधोमध, जिथे त्यांच्याहून मोठा गोल ठिपका असायला हवा, तिथे नुसता सपाट तळ.

त्या सपाट जागेवर केसाएवढी बारीक एक चमकदार रेघ होती. मागच्या बाजूने सुरू होऊन ती बरोबर मध्यावर थांबली होती. टीटी ६००ची पिन दोन दिवस शूमध्ये आत-बाहेर सरकताना ओढली गेली, त्याची ती खूण. पिन अचूक जागी जात होती. जागेवर भेटायला कोणी नव्हतं.

शेजारी निकॉन ठेवली तेव्हा फरक ठळक झाला: मध्ये एक मोठा गोल ठिपका आणि तीन लहान. कॅननच्या जुन्या मॉडेलमध्ये मध्ये मोठा आणि सोबत चार लहान असतात. २०० डी टूमध्ये ते चार लहान आहेत, मोठा नाही. तो तुटलेला नाही, घासून गेलेला नाही, कारखान्यातच बसवलेला नाही. २०१९मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये, आणि तसंच ३००० डीमध्ये, कॅननने मधली सिंक पिन काढून टाकली. हेच कॅमेरे परदेशात वेगळ्या नावांनी विकले जातात, २०० डी टूला तिकडे २५० डी म्हणतात आणि ३००० डीला ४००० डी, त्यामुळे नेटवर शोधताना आपल्याकडचं नाव टाकून उत्तर पटकन हाती लागत नाही. १५०० डी असेल तर नावावर अजिबात विसंबू नये, आपल्या हातातल्या बॉडीचा शू स्वतः पाहावा.

मग या कॅमेऱ्यांवर कॅननचे स्वतःचे फ्लॅश कसे चालतात? त्या चार लहान ठिपक्यांतून. ई-टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजणीवरून ताकद आपोआप ठरवण्याची कॅननची पद्धत; असा फ्लॅश आणि कॅमेरा त्या ठिपक्यांतून डिजिटल भाषेत बोलतात: लेन्स किती मिलिमीटरवर आहे, आयएसओ किती, ताकद किती, आणि आता उडव. उडवण्याचा हुकूमही याच बोलण्यातून देता येतो, म्हणून मधल्या पिनेवाचून त्यांचं अडत नाही. टीटी ६००ला ही भाषा येत नाही. त्याच्या पायाला ती एकच पिन आहे. सोनीसाठीचा टीटी ६००एस तेवढा वेगळ्या पायाचा असतो.

शू बदलण्याचा सल्ला म्हणूनच धोकादायक होता. पिन हा नुसता पितळेचा ठिपका नसतो. तिच्यामागे वायर लागते आणि ती जोडणारा स्विच लागतो. कारखान्यातच वगळलेली गोष्ट वरचा तुकडा बदलून येत नाही. शिवाय छोट्या फ्लॅशचा कपॅसिटरही कॅमेऱ्याच्या आतच असतो.

इथे एक खूण सांगावीशी वाटते, कारण तिने अनेकांची गल्लत होते. एका पिनेचा फ्लॅश चढवल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये विजेचं चिन्ह दिसत नाही, म्हणून लोक फ्लॅश बिघडला असं समजतात. असा फ्लॅश कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. निकॉनलाही दिसला नव्हता, तरी उडाला. चिन्ह न दिसणं हा पुरावा धरू नये.

बुधवार सकाळसाठी

सोमवार रात्र. दुसरा फ्लॅश घ्यायला पैसे नव्हते, आणि जुना परत घ्यायला विकणारा तयार नव्हता. हातातल्या सामानात काम कसं होईल?

टीटी ६००मध्ये एक डोळा असतो, पुढच्या बाजूच्या लाल काचेमागे. दुसऱ्या फ्लॅशचा झोत त्या डोळ्याला दिसला की तो स्वतः उडतो. याला ऑप्टिकल स्लेव्ह म्हणतात, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत: एस-वन आणि एस-टू. एस-वनमध्ये पहिला झोत दिसताच उडतो. एस-टूमध्ये पहिला सोडून देतो आणि दुसऱ्याला उडतो. २०० डी टूचा छोटा फ्लॅश ई-टीटीएलवर चालतो, म्हणजे प्रकाश मोजण्यासाठी आधी एक बारीक झोत टाकतो आणि मग खरा. दोन्ही इतके लागोपाठ की डोळ्याला एकच वाटतो. म्हणून इथे एस-टूच हवं.

पहिल्या प्रयत्नात एस-वन राहून गेलं होतं, आणि मग सगळ्यांत जास्त फसवणारं दृश्य दिसलं. डोळ्यांना मोठा फ्लॅश स्पष्ट उडताना दिसतो, फोटोत मात्र त्याचा उजेड नाही. तो मोजणीच्या झोताला उडून गेलेला असतो, शटर उघडायच्या आत. पडद्यावर एस-टू दिसेपर्यंत बटण दाबलं आणि पुढच्याच फोटोत खोली उजळली.

मोठा फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून हे जमत नाही. शूवर काही बसलं की छोटा फ्लॅश वर यायला जागाच उरत नाही. म्हणून तो स्टँडवर. मंगळवारी घरच्या हॉलमध्ये मांडणी करून पाहिली ती अशी: स्टँड विषयापासून सुमारे अडीच मीटर, थोडा बाजूला. फ्लॅशचं धड असं फिरवायचं की लाल काच कॅमेऱ्याकडे राहील, आणि डोकं मात्र छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१२५, एफ ४, आयएसओ ८००. मोठा फ्लॅश १/४ पासून सुरू करून फोटो बघत वर-खाली. छोट्या फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन उणे २, म्हणजे तो इशारा देतो पण चेहऱ्यावर सपाट उजेड टाकत नाही.

छताचा उजेड परत खाली येईपर्यंत बराच जिरतो. ६० हा या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, डोकं २०० मिलिमीटर झूमवर असताना आणि आयएसओ १००वर सांगितलेला आहे. तो सरळ, अरुंद झोताचा आकडा आहे. कार्यालयाचं छत उंच असलं की १/४ ताकदही कमी पडते, आणि रंगीत छत असलं तर बटूच्या चेहऱ्यावर तो रंग उतरतो. तिथे पांढरी भिंत शोधावी, नाहीतर पांढरी छत्री लावावी. ताकद वाढवण्याआधी आयएसओ १६०० करून पाहावं, सेल वाचतात.

फ्लॅश झोपी जाण्याची सोयही बंद करून ठेवली. एका पिनेचा किंवा स्लेव्हवरचा फ्लॅश झोपला की शटर अर्धं दाबून जागा होत नाही, कारण कॅमेऱ्याशी त्याचं बोलणंच नसतं. मुहूर्ताच्या क्षणी हे कळलं तर काही उपयोग नाही.

या पद्धतीची मोठी उणीव अशी की फ्लॅशचा डोळा कोणाचाही झोत मानतो. दुसरा फोटोग्राफर फ्लॅश मारत असेल तर त्याच्या प्रत्येक फोटोला आपला फ्लॅश उडेल, आपले सेल संपतील आणि ऐन वेळी आपला दिवा लागलेला नसेल. या मुंजीत दुसरा फोटोग्राफर नव्हता. व्हिडिओवाल्याकडे एलईडी पॅनल होतं, आणि त्याचा उजेड सतत असतो, एकदम झपकन येत नाही, म्हणून त्याने फ्लॅश उडत नाही. भर उन्हात अंगणात तर हा डोळा भरवशाचाच नाही.

बुधवारी अक्षता आणि मातृभोजन निर्वेध पार पडलं. भिक्षावळीच्या वेळी मात्र लागोपाठ दोन फोटो अंधारे आले. सेल ठीक, दिवा लागलेला. बटूचे मामा ताट घेऊन बरोबर स्टँडच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभे होते, लाल काच झाकली गेली होती. स्टँड सात फुटांवर चढवला, काच लोकांच्या डोक्यांवरून कॅमेऱ्याकडे राहील अशी. त्यानंतर शेवटपर्यंत असं झालं नाही. मध्ये एकदा ‘अ’ काढून ‘ब’ संच घातला, दिवा यायला पाच सेकंद लागू लागले तेव्हाच. बंद पडायची वाट पाहू नये. आणि सलग पूर्ण ताकदीचे तीसेक झोत मारले की फ्लॅशला निदान दहा मिनिटं विसावा द्यावा. तापलेला फ्लॅश स्वतःहून मंदावतो, आणि तेही बिघाडासारखंच दिसतं.

कायमचा उपाय

तीन वाटा होत्या. एक, टीटी ६०० विकून कॅननसाठीचा ई-टीटीएल फ्लॅश घेणं, म्हणजे टीटी ६८५ सीसारखा किंवा कॅननचा स्वतःचा. कॅमेऱ्यावर बसवून फिरत काम करायचं असेल तर हीच वाट योग्य. दुसरी, बॉडी बदलणं, जी यासाठी कोणी करू नये. तिसरी, रेडिओ ट्रिगर.

त्याने तिसरी घेतली, आणि ती त्याला शोभणारी आहे. टीटी ६००च्या पोटात गोडॉक्सचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आधीपासूनच असतो. कॅमेऱ्यावर कॅननसाठीचा ट्रिगर बसवला, एक्स टू टी-सी किंवा एक्स प्रो-सी, की ट्रिगर चार लहान ठिपक्यांतून कॅमेऱ्याची भाषा बोलतो आणि पुढचा हुकूम रेडिओने देतो. ताकदही कॅमेऱ्यावरूनच बदलता येते. मामा मध्ये आले तरी अडत नाही. इथे सावधगिरी एवढीच की हे ट्रिगरही आधी मधल्या पिनेवर विसंबलेले होते. गोडॉक्सने बिनपिनेच्या कॅननसाठी नंतर फर्मवेअर (ट्रिगरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं. जुन्या साठ्यातला ट्रिगर हातात आला तर तो आधी यूएसबी केबलने विंडोज कॉम्प्युटरला जोडून अपडेट करावा, मगच कॅमेऱ्यावर चढवावा. नाहीतर तीच कथा पहिल्यापासून. ट्रिगर आणि फ्लॅश यांचा चॅनल, ग्रुप आणि आयडी सारखा ठेवावा, शटर सुरुवातीला १/१६०वर.

स्वस्तातले एका पिनेचे रेडिओ ट्रिगर इथे चालणार नाहीत. शूवर बसवायचं पीसी सॉकेटचं (वायरने फ्लॅश जोडण्याचं) अडॅप्टरही नाही. तीही मधल्या पिनेवरच उभी असतात. स्टुडिओच्या मोठ्या दिव्यांबरोबर येणारा फुकटचा ट्रिगर बहुतेक वेळा याच जातीचा असतो, त्यामुळे भाड्याने स्टुडिओ घेताना हे आधी विचारून घ्यावं.

तशीच दिसणारी दुसरी दुखणी

पिन असलेल्या कॅमेऱ्यावर फ्लॅश उडत नसेल तर कारण बहुधा साधं असतं. पाय शेवटपर्यंत पुढे सरकलेला नसतो. कुलपाचं चाक आधी पूर्ण सैल करून पाय टेकेपर्यंत ढकलायचा आणि मग आवळायचं. जुना घेतलेला फ्लॅश आधीच्या मालकाने स्लेव्ह मोडमध्ये सोडलेला असतो. तो शूवर बसला तरी डोळा किंवा रेडिओ यांचीच वाट पाहत राहतो. मिररलेस बॉडीवर इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलेलं असतं, त्यात फ्लॅश उडत नाही.

पावसाळ्यात पिनेवर मळकट थर चढतो. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पुसावी, पाच मिनिटं वाळू द्यावी. पॉलिश पेपर लावू नये, मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने थर चढतो. तेलाचा फवारा तर मुळीच नको. कडेचंही लक्षात ठेवावं, कारण हुकूम दोन टोकांचा असतो. रंगवलेल्या किंवा वाकलेल्या कडेवर पिन लखलखीत असूनही फ्लॅश मुका राहतो.

जुना फ्लॅश घ्यायला जाताना आपली बॉडी सोबत न्यावी, आपले चार्ज केलेले सेल न्यावेत, विकणाऱ्यासमोर आपल्या कॅमेऱ्यावर दहा फोटो काढावेत. टेस्ट बटणाचा उजेड फक्त फ्लॅशबद्दल सांगतो.

त्या फोटोग्राफरच्या बॅगेत आता ट्रिगर, स्टँडची खिट्टी आणि ‘अ’-‘ब’ लिहिलेले आठ सेल असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर त्याने लिहून ठेवलं आहे: ‘बॉडीला मधली पिन नाही. ट्रिगर विसरलास तर एस-टू, स्टँड सात फूट.’